कायदा संसदेचा, अंमल मनपाचा : टिळकवाडीच्या पदपथावरचा प्रश्न

टिळकवाडीत रस्त्याच्या कडेला भाजीची पाटी मांडून बसलेली स्त्री एकाच वेळी दोन कायद्यांच्या कक्षेत बसलेली असते. पहिला कायदा कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६. त्याच्या दृष्टीने सार्वजनिक रस्त्यावरची ती पाटी म्हणजे अतिक्रमण आणि ते दूर करण्याचा अधिकार मनपाकडे आहे. दुसरा कायदा संसदेने २०१४ साली केलेला पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम. त्याच्या दृष्टीने ती पथविक्रेती आहे. शहरातील विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन सर्वांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत तिला तेथून उठवता येत नाही, असे त्याचे कलम ३(३) सांगते. दोहोंत विसंगती आली तर वरचढ कोण, याचे उत्तरही कलम ३३ मध्ये आहे. संसदेचा हा कायदा अन्य कायद्यांहून प्रभावी ठरतो. कागदावर निवाडा असा स्पष्ट आहे. रस्त्यावर मात्र अतिक्रमण हटाव मोहिमेची गाडी येते, तेव्हा ती पहिल्या कायद्याची गाडी असते.

बेळगावपुरताच हा प्रश्न मर्यादित नाही. म्हापसा, मडगाव, पणजी येथील बाजारांतही तो त्याच रूपात आढळतो आणि मुंबईत तर त्याने उच्च न्यायालयाची अनेक वर्षे घेतली आहेत. तरीही टिळकवाडीचे उदाहरण घेण्याचे कारण असे, की महापालिका, रेल्वे आणि कॅन्टोन्मेंट या तिन्ही सत्ता या परिसरात हाकेच्या अंतरावर नांदतात. केंद्राचा कायदा स्थानिक संस्थेच्या हाती दिला, की त्याचे नेमके काय होते, हे येथे चटकन दिसते.

पदपथावर कोणी बसावे यासाठी संसदेला कायदा का करावा लागला, हे आधी पाहू. बाजार आणि जत्रा हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय आहे. स्थानिक शासन हाही राज्यांचाच विषय. परंतु फेरीवाल्यांचा वाद न्यायालयांत गेला तो उपजीविकेच्या हक्काच्या अंगाने. १९८५ साली मुंबईतील फेरीवाला संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेरीवाला क्षेत्र आणि निषिद्ध क्षेत्र अशी आखणी करण्याचा मार्ग स्वीकारला. १९८९ साली दिल्लीच्या सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर विक्री करणे हा अनुच्छेद १९(१)(छ) खालील व्यवसायस्वातंत्र्याचा भाग असल्याचे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येत असल्याचे म्हटले. पुढे केंद्राने राष्ट्रीय धोरणे काढली, पण धोरणाला कायद्याचे बळ नसते. २०१० साली गैंदाराम प्रकरणात न्यायालयाने ३० जून २०११ पूर्वी कायदा करावा असे सुनावले. ती मुदत उलटून गेली आणि अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यसभेची मोहोर उमटली. १ मे २०१४ पासून कायदा लागू झाला. महाराष्ट्र दिनीच, हा केवळ योगायोग.

या कायद्याची रचना तीन मजल्यांची आहे. वरच्या मजल्यावर संसदेने तत्त्वे घालून दिली. मधल्या मजल्यावर राज्य सरकारांनी एका वर्षात नियम आणि सहा महिन्यांत योजना तयार करायची होती. तळमजल्यावरचे सारे काम स्थानिक प्राधिकरणाचे. विक्रेत्यांचे सर्वेक्षण, विक्रीचे प्रमाणपत्र, विक्रीक्षेत्रांचा आराखडा, शुल्काची आकारणी, जागा बदलण्याची कारवाई, माहितीची प्रसिद्धी हे सर्व त्याच्याकडे आहे. दिल्लीत या कायद्याचे एकही कार्यालय नाही, एकही निरीक्षक नाही. कायद्याला हातपाय फुटायचे ते मनपाच्याच इमारतीत.

येथेच पहिली गोम आहे. सर्वेक्षण किती मुदतीत व कसे करायचे, हे कायदा स्वतः सांगत नाही. ते राज्याच्या योजनेत नमूद करायचे असते. योजना लांबली की सर्वेक्षण लांबते, सर्वेक्षण लांबले की प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तोवर विक्रेता ‘अनधिकृत’च राहतो. शिवाय कायद्यातील दंडाचे कलम वाचले, तर तो दंड फक्त विक्रेत्याला आहे. प्रमाणपत्राविना विक्री केली वा अटी मोडल्या तर २००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वेळेत सर्वेक्षण न करणाऱ्या संस्थेला, समितीची बैठक न बोलावणाऱ्या अधिकाऱ्याला, आराखडा न करणाऱ्या पालिकेला या कायद्यात शिक्षा नाही. संरक्षणासाठी केलेल्या कायद्यात शिक्षेचे एकमेव पात्र ज्याचे संरक्षण करायचे तोच ठरावा, ही त्याच्या कर्त्यांची मोठी चूक होती असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

दुसरी गोम समितीच्या घडणीत आहे. सर्वेक्षण करण्यापासून आराखड्याची शिफारस करण्यापर्यंतचे काम नगर पथविक्रेता समितीकडे आहे. आयुक्त किंवा मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष असतात. स्थानिक संस्थेचा वैद्यकीय अधिकारी, नियोजन प्राधिकरण, पोलीस, रहदारी पोलीस, व्यापारी संघटना, रहिवासी संघटना, बँका यांचे प्रतिनिधी तिच्यात बसतात. किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे असावेत, ते विक्रेत्यांनी आपसांत निवडून द्यावेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. तरतूद उत्तम. पण निवडणुकीला मतदारयादी लागते, मतदारयादीला सर्वेक्षण लागते आणि सर्वेक्षण करायचे ते या समितीने. आधी कोंबडी की आधी अंडे, हा वाद गल्लीतल्या पोरांनी घालावा. तो येथे राजपत्रातच येऊन बसला आहे. बहुतेक ठिकाणी अर्धवट किंवा तात्पुरत्या समित्या नेमून वेळ मारून नेण्यात आली. मुंबईत २०१४ साली सर्वेक्षण झाले, ९९ हजारांहून अधिक अर्ज आले आणि छाननीअंती पंधरा हजारांच्या आसपासच पात्र ठरले. मूळ कायद्यात नसलेली अधिवासाची अट महाराष्ट्राच्या योजनेत घातली गेली होती. समितीवरील विक्रेता प्रतिनिधींची निवडणूक तेथे झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे कायदा लागू झाल्यावर दहा वर्षांनी.

आता टिळकवाडीकडे येऊ. सोमवार पेठ, मंगळवार पेठ, गुरुवार पेठ, शुक्रवार पेठ अशा नावांची ही वसाहत जुन्या बेळगावच्या दक्षिणेला रेल्वेमार्गाला खेटून वसली. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची आठवण सांगणारा काँग्रेस रोड रुळांच्या समांतर जातो. पहिले, दुसरे आणि तिसरे रेल्वे गेट हे येथील माणसाचे पत्ते सांगण्याचे साधन आहे. ‘दुसऱ्या गेटच्या अलीकडे’ म्हटले की टिळकवाडीकराला पुढचे सांगावे लागत नाही. तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाला तरी नाव गेटचेच राहिले. आरपीडी आणि गोगटे महाविद्यालयांमुळे विद्यार्थ्यांची वर्दळ असते. जेथे माणसांचा ओघ मंदावतो किंवा थबकतो, तेथे पाटी, हातगाडी, चहाचा गाडा येतोच. बाजार कोणी ठरवून भरवावा लागत नाही. कायद्याने यालाच ‘नैसर्गिक बाजार’ म्हटले आहे. विक्रेते व ग्राहक परंपरेने जेथे एकत्र येतात आणि समितीच्या शिफारशीवरून स्थानिक संस्था ज्याला तशी मान्यता देते, ते स्थान.

परंतु रेल्वेच्या मालकीच्या व ताब्यातील जमिनीला हा कायदा लागूच होत नाही. पहिल्याच कलमात तसे नमूद आहे. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना विक्री केल्यास रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम १४४ लागू होते आणि तेथे उपजीविका संरक्षण वगैरे भाषा नाही. म्हणजे गेटपाशी बसलेली स्त्री दहा पावले रुळांकडे सरकली, तर तिचे कायदेशीर रूप बदलते. एका बाजूला ती संरक्षणास पात्र विक्रेती, दुसऱ्या बाजूला गुन्हेगार. ही हद्द जमिनीवर कोणी आखून ठेवलेली नसते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. ती मनाई मुंबईच्या संदर्भातील होती. बेळगावला ती आपोआप लागू होत नाही, तरीही रेल्वेच्या सान्निध्यातील विक्रीचा प्रश्न किती नाजूक आहे, हे तिच्यावरून कळते.

रुळ आणि काँग्रेस रोड ओलांडून कॅम्पच्या दिशेला निघाले, की कॅन्टोन्मेंट बोर्डाचे क्षेत्र येते. २०१४ च्या कायद्यात ‘स्थानिक प्राधिकरण’ या संज्ञेत महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत यांच्याबरोबर कॅन्टोन्मेंट बोर्डही स्पष्टपणे आहे. सबब तेथेही सर्वेक्षण, समिती, आराखडा हवा, पण तो वेगळा. सकाळी कॅम्पात आणि संध्याकाळी टिळकवाडीत फिरणाऱ्या हातगाडीवाल्याचे नाव कोणत्या यादीत असावे? कायदा फिरत्या विक्रेत्याची स्वतंत्र वर्गवारी मान्य करतो, पण एका माणसामागे प्रमाणपत्र एकच. अलीकडे कॅन्टोन्मेंटमधील नागरी वस्ती शेजारच्या पालिकांत विलीन करण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले आहे. तसे येथे झाले, तर बोर्डाच्या यादीतील विक्रेते मनपाच्या यादीत कसे येणार, याची तजवीज विलीनीकरणाच्या कागदपत्रांतच व्हायला हवी. नाही तर पाणीपट्टी, घरपट्टी, कर्मचारी यांचा हिशेब होईल आणि हातगाड्या मधल्यामध्ये राहतील.

संख्येचाही विचार करू. वॉर्ड, विभाग किंवा शहर यांच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के इतक्या विक्रेत्यांना सामावून घेण्याचे प्रमाण कायद्याने घातले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बेळगाव शहराची लोकसंख्या जवळपास ४ लाख ९० हजार. त्या हिशेबाने बारा हजारांहून अधिक विक्रेत्यांची सोय शहराच्या आराखड्यात असायला हवी. शनिवारचा बाजार, गणपत गल्ली, खडेबाजार यांवर हा सर्व भार टाकता येणार नाही. टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर यांसारख्या भागांनाही आपला वाटा उचलावा लागेल. येथे रहिवाशांची नाराजी येते, आणि ती सर्वस्वी गैर नाही. घराच्या फाटकासमोर भज्यांचा गाडा लागला आणि रात्री दहापर्यंत दुचाकींची रांग राहिली, तर ज्येष्ठ नागरिकाने चालायचे कोठून? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांना सुस्थितीतील पदपथ मिळणे हा अनुच्छेद २१ खालील हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. दोन हक्क एकाच फरशीवर उभे आहेत. त्यांची वाटणी करण्यासाठीच तर आराखडा सांगितला आहे. किती रुंदीचा पदपथ मोकळा ठेवायचा, कोणत्या वेळेत विक्री चालेल, कचऱ्याची व्यवस्था काय, हे ठरल्यावर विक्रेत्यावर अटी घालता येतात. अटी मोडल्या तर प्रमाणपत्र रद्दही करता येते. आराखडा नसला, की दोन्ही बाजूंना केवळ आरडाओरड उरते.

कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत याबाबत काही ठाम वाक्ये आहेत. सर्वेक्षणात आढळलेला नैसर्गिक बाजार ‘विक्री निषिद्ध क्षेत्र’ म्हणून घोषित करता येणार नाही. केवळ गर्दी होते हे निषिद्ध क्षेत्राचे कारण होऊ शकत नाही. अस्वच्छता हे कारणही तेव्हाच, जेव्हा ती सर्वस्वी विक्रेत्यांमुळे असेल आणि पालिकेच्या उपाययोजनेने दूर होण्यासारखी नसेल. सर्वेक्षण होऊन आराखडा तयार होईपर्यंत कोणतेही क्षेत्र निषिद्ध घोषित करू नये. पन्नास वर्षांहून अधिक काळ चाललेल्या नैसर्गिक बाजारांना वारसा बाजाराचा दर्जा द्यावा व तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असे दुसऱ्या अनुसूचीत म्हटले आहे. ‘हा रस्ता आजपासून फेरीवालामुक्त’ अशा घोषणा आपण वर्तमानपत्रांतून नेहमी छापतो. यापुढे अशी बातमी हाताशी आली, की सर्वेक्षण केव्हा झाले व आराखडा कोणत्या तारखेला मंजूर झाला, हे दोन प्रश्न बातमीदाराने विचारलेच पाहिजेत.

मग मनपा कायदा पाळत का नाही? सरसकट बेपर्वाईचा आरोप करून हा प्रश्न सुटत नाही. अतिक्रमण हटवण्यासाठी मनपाकडे पूर्वापार विभाग आहे, कर्मचारी आहेत, वाहन आहे, अंदाजपत्रकात शीर्षक आहे. पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणासाठी यांपैकी काहीच आयते मिळालेले नाही. संसदेने काम सोपवले, त्याबरोबर मनुष्यबळ सोपवले नाही. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय लिहिले गेले. मात्र अनुच्छेद २४३-ब नुसार ते अधिकार देणे राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर आहे. ‘द्यावेत’ असे नाही, ‘देता येतील’ असे आहे. तीच अवस्था जन्ममृत्यू नोंदणीची, घनकचरा नियमांची, भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाच्या केंद्रीय नियमांची. नियम केंद्राचे, जाब मात्र नागरिक विचारतो वॉर्डातल्या नगरसेवकाला.

आणि नगरसेवकाचे स्थान या कायद्यात कोठे आहे? जवळपास नाहीच. समितीचा अध्यक्ष महापौर नाही, आयुक्त आहे. आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते, बदलीही तेच करते. ‘स्थानिक प्राधिकरण’ आणि ‘स्थानिक स्वराज्य’ हे दोन शब्द आपण समानार्थी वापरतो, पण त्यांत अंतर आहे. कोणत्या कोपऱ्यावर कोण किती वर्षे बसते, कोणती जागा सणाला भरते आणि एरवी ओस असते, हे ज्याला ठाऊक असते तो लोकप्रतिनिधी समितीच्या बाहेर. ज्याच्या हाती शिक्का आहे, तो दोन वर्षांत दुसऱ्या जिल्ह्यात. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नगरसेवकाला अध्यक्षपद दिले असते, तर प्रमाणपत्रे मतांच्या हिशेबाने वाटली गेली असती, ही भीती निराधार नव्हती. पण भीतीपोटी लोकप्रतिनिधीला पूर्णपणे वगळण्याऐवजी वॉर्डनिहाय सुनावणीत त्याला बोलण्याचा हक्क देता आला असता.

बेळगावात तर नगरसेवकच नाहीत अशी दीर्घ वर्षे गेली. मागील सभागृहाची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. मतदान झाले ते ३ सप्टेंबर २०२१ रोजी. ५८ वॉर्डांतून प्रतिनिधी निवडून आले, पण महापौर व उपमहापौर यांची निवड होऊन सभागृह खऱ्या अर्थाने कामाला लागले ते फेब्रुवारी २०२३ मध्ये. म्हणजे जवळपास चार वर्षे शहराचा कारभार महापौराविना चालला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे अनुच्छेद २४३-प बजावतो. त्याआधी २००५ आणि २०११ साली सभागृह बरखास्त झाल्याचा इतिहासही या शहराला आहे. त्यामागचे सीमाप्रश्नाचे राजकारण वाचकांना ठाऊक आहे, त्यात येथे शिरत नाही. मुद्दा एवढाच, की प्रशासकाच्या राजवटीत २०१४ च्या कायद्याचे कलम न् कलम औपचारिकदृष्ट्या अबाधित राहते, कारण त्यात सभागृहाची गरजच फारशी ठेवलेली नाही; आणि त्याची अंमलबजावणी झाली नाही, तर सभागृहात उभे राहून विचारणारा कोणी नसतो. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेथेही तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होता. आजार एकट्या बेळगावचा नाही.

याच महापौराविना काळात एक बोलके प्रकरण घडले. टाळेबंदीनंतर १ जून २०२० रोजी केंद्राने पंतप्रधान स्वनिधी योजना सुरू केली. पथविक्रेत्याला विनातारण १० हजार रुपयांचे कर्ज, वेळेवर फेडल्यास पुढे अधिक रकमेचे, व्याजावर ७ टक्के अनुदान. अर्जासाठी विक्री प्रमाणपत्र हवे. बहुतेकांकडे ते नव्हते, म्हणून स्थानिक संस्थेचे शिफारसपत्र चालेल अशी सोय करण्यात आली. आणि काय नवल, वर्षानुवर्षे ‘विक्रेता कोण’ हे ठरवू न शकलेल्या देशभरातील पालिकांनी कर्जाचे उद्दिष्ट समोर येताच शिफारसपत्रे दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये योजनेला मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ मिळून पहिल्या हप्त्याचे कर्ज १५ हजारांवर गेले. स्थानिक संस्थांना हे काम जमतच नाही, हा समज यामुळे गळून पडतो. उद्दिष्ट, मुदत, संगणकीय नोंद आणि वरून होणारी विचारणा असली, की जमते. मात्र शिफारसपत्र म्हणजे विक्री प्रमाणपत्र नाही. तो कागद बँकेत चालतो, अतिक्रमण पथकापुढे चालत नाही. ज्या मनपाने ‘ही पथविक्रेती आहे’ असे बँकेला लिहून दिले, तिचीच गाडी दुसऱ्या दिवशी तिची पाटी उचलू शकते.

गोव्यातील वाचकांना यात ओळखीचे खूप काही आढळेल. आपल्या ताटातली भाजी बेळगावहून येते आणि आपला प्रश्नही तसाच आहे. पणजी महापालिका आणि १३ नगरपालिका हे आपले स्थानिक प्राधिकरण. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पन्नास वर्षांच्या कसोटीला सहज उतरेल असा आहे. आपल्याकडे विक्रेत्याकडून ‘सोपो’ घेतला जातो, अनेक पालिकांत तो ठेकेदारामार्फत गोळा होतो. बेळगावात त्याला भूभाडे म्हणतात. विक्रेत्याची समजूत अशी, की रोज पावती फाडतो म्हणजे आपण अधिकृत. तसे नाही. २०१४ च्या कायद्याखालील विक्री शुल्क हे प्रमाणपत्रधारकाने योजनेत ठरवलेल्या दराने भरायचे असते. सोपोची पावती हा तो विक्रेता तेथे बसत होता याचा पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते, त्याहून अधिक तिचे वजन नाही. जुन्या पावत्या फेकू नयेत, एवढे मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावे. सर्वेक्षणाच्या वेळी वीस वर्षे येथे बसतो हे सिद्ध करण्याचे दुसरे साधन बहुतेकांपाशी नसते.

भाषेचा मुद्दा सीमाभागापुरता वेगळा आहे. मनपाचा कारभार कन्नडमध्ये चालतो. टिळकवाडीत किंवा निपाणीच्या बाजारात बसणाऱ्या अनेक विक्रेत्यांना मराठीच वाचता येते, काहींना तीही नाही. तीस दिवसांची नोटीस न कळणाऱ्या भाषेत हातात पडली, तर नोटीस मिळूनही ती मिळालेली नसते. अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाणे मांडण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येते, म्हणून अर्ज मराठीत देण्यास प्रत्यवाय नाही. नोटीस व सर्वेक्षणाचे अर्ज मराठीतही द्यावेत ही मागणी समितीतील विक्रेता प्रतिनिधींनी केली, तर ती भाषिक वादाची मागणी ठरत नाही. कायद्याची अंमलबजावणी व्हावी एवढाच तिचा आशय आहे.

नोटिशीचा उल्लेख आलाच आहे, तर कारवाईचा क्रमही नीट सांगितला पाहिजे. जागा बदलायची वा उठवायचे असेल, तर कलम १८ नुसार किमान तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्यानंतरही जागा सोडली नाही तर दिवसाला २५० रुपयांपर्यंत दंड आणि मग प्रत्यक्ष हटवणे. माल जप्त केला तर कलम १९ नुसार जप्त वस्तूंची यादी करून तिची सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. नाशवंत नसलेला माल मागणी केल्यापासून दोन कामकाजी दिवसांत आणि भाजी, फळे, फुले यांसारखा नाशवंत माल मागणी केलेल्या दिवशीच परत द्यावा लागतो. विहित शुल्क भरण्याची अट आहे, ती विक्रेत्याने पाळावी. तक्रारीसाठी कलम २० अन्वये पूर्वी दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी राहिलेल्या व्यक्तीच्या अध्यक्षतेखाली समिती असावी लागते. प्रमाणपत्रधारक अटी पाळून विक्री करत असेल, तर पोलीस अथवा अन्य कोणी त्याला अटकाव करू नये, असे कलम २७ सांगते. व्यवहारात यादी दिली जात नाही, म्हणून माल किती होता हे सिद्ध होत नाही, म्हणून तक्रार टिकत नाही. दोन क्रेट टोमॅटो आणि एक वजनकाटा, एवढे एका कागदावर लिहून सही करायला पाच मिनिटे लागतात.

टिळकवाडीपुरते बोलायचे तर पहिले काम नकाशाचे आहे. तिन्ही गेटांच्या परिसरात रेल्वेची हद्द कोठे संपते, मनपाचा रस्ता कोठे सुरू होतो, कॅन्टोन्मेंटची रेषा कोठून जाते, हे हुबळी रेल्वे विभाग, मनपा, बोर्ड आणि बुडा यांनी एकत्र बसून कागदावर आणावे लागेल. कायद्याने सर्वेक्षण दर पाच वर्षांनी किमान एकदा बंधनकारक केले आहे. १ मे २०१४ पासून मोजले, तर दोन फेऱ्या उलटून तिसरीचा काळ चालू आहे. विक्रेत्यांची यादी, प्रमाणपत्रांची संख्या, समितीच्या सदस्यांची नावे व बैठकांची इतिवृत्ते माहिती अधिकार कायद्याखाली कोणीही मागू शकतो. अर्जाला दहा रुपये लागतात. समितीची बैठक बोलावण्याची नोटीस मात्र आयुक्तांच्याच कार्यालयातून निघावी लागते.